पानगळीचे धन



इंद्रावती, पर्लकोटा आणि पामुलगौतम या नद्यांच्या संगमावर भामरागड आहे; त्याच्या अलीकडे हेमलकसा. २३ डिसेंबर १९७३ रोजी बाबा आमटे यांनी येथे लोकबिरादरी प्रकल्पाचा प्रारंभ केला. डॉ. प्रकाश आणि डॉ. मंदाकिनी आमटे यांनी माडिया गोंड बांधवांच्या सेवेला आपले आयुष्य वाहिले. हेमलकशाचे नाव निघाले की या सेवाकार्याचे स्मरण होते. परंतु तेथील अरण्यही एक मोठा पाठ देत असते.

या अरण्याला खत कोण घालतो? साग, ऐन, मोह, तेंदू यांची पाने गळतात, वाळवी आणि बुरशी ती कुजवतात, पावसाळ्यात त्यांचे सत्त्व मुळांना मिळते. झाडाने मातीकडून घेतलेले ऋण झाडच फेडते.

या चक्रात खंड पडतो तो आगीमुळे. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले टिपता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा पेटविला जातो. त्यामागे गरिबाच्या पोटाचा प्रश्न आहे. त्याला दोष देऊन भागणार नाही. पण आग पुढे रानात पसरते, कोवळी रोपे होरपळतात. राखेतून थोडे पालाश मिळते, मात्र नत्र आणि कर्ब हवेत उडून जातात. मग उघड्या जमिनीवर पावसाचा मारा होतो आणि सुपीक माती नदीला मिळते. झाडाखाली जाळी किंवा जुने लुगडे अंथरले, तर फुलेही मिळतात आणि पाचोळाही वाचतो.

वाचलेल्या पाचोळ्याचे सोने करण्याची विद्या आपल्याच भूमीत विकसित झाली. सर अल्बर्ट हॉवर्ड यांनी इंदूर येथे भारतीय शेतकऱ्यांच्या अनुभवातून कंपोस्टची पद्धत सिद्ध केली आणि यशवंत वाड यांच्यासह १९३१ साली ती ग्रंथरूपाने मांडली. पुढे यवतमाळ जिल्ह्यातील पुसदच्या नारायणराव पांढरीपांडे यांनी ‘नाडेप’ टाके दिले. भिंतींत झरोके ठेवलेल्या विटांच्या टाक्यात पाचोळा, शेणकाला आणि माती यांचे थर द्यायचे, वरून शेणमातीने लिंपायचे. सुमारे १०० किलो शेणात १४०० ते १५०० किलो काडीकचरा कुजतो आणि साडेतीन-चार महिन्यांत खत तयार होते.

शहरातील अंगणात एवढे टाकेही नको. कोपऱ्यात एक खड्डा किंवा तळाला भोके पाडलेले पिंप पुरे. वाळक्या पानांच्या थरावर हिरवा पाला किंवा भाजीची देठे, त्यावर मूठभर माती. सागासारखी जाड पाने आधी चुरावीत. ओल इतकीच, की मिश्रण मुठीत दाबले असता हात ओलसर व्हावा, पाणी गळू नये. दुर्गंधी आली तर वाळका पाचोळा मिसळून ढीग वरखाली करावा.

मातीला आपण माता म्हणतो. सकाळी अंगण झाडून गोळा केलेल्या ढिगाला काडी लावताना या शब्दाचे स्मरण व्हावे. तिचेच तिला परत करावे, एवढीच तिची अपेक्षा आहे.