सोड्याचे जुने यंत्र

बंगळूरच्या चिकपेठेसारख्या जुन्या वस्तीत एखाद्या वडिलोपार्जित दुकानाच्या माळ्यावर गोळीसोड्याचे हातयंत्र निघाले, की घरात दोन पक्ष पडतात. धाकटे म्हणतात, भंगारात घाला; थोरल्यांचा जीव त्या चाकाच्या मुठीत अडकलेला असतो. निवाडा मात्र यंत्र उघडूनच करावा.

हिरम कॉड या इंग्रजाने १८७२ साली गोळीच्या बाटलीचे पेटंट घेतले. रचना साधी आहे. पिंजऱ्यात बाटली फिरते, दाबाखाली वायू पाण्यात मिसळतो, बाटली उलटी होताच गोळी गळ्यात येते आणि वायूच्या दाबानेच रबरी कड्यावर घट्ट बसते. रबर बदलता येते. चक्राचा मोडका दाता कुशल कारागीर घडवून देतो. चिंता असते ती आतल्या तांब्यापितळेची. वायूमुळे पाण्याला आम्लता येते. कल्हई उडाली असेल, तर ते तांबे खाते आणि पिणाऱ्याला मळमळ, उलट्या होतात. जुन्या डाकातील शिसे त्याहून वाईट, कारण त्याचा विकार हळूहळू अंगात भिनतो.

दाबाच्या भांड्याची परीक्षा पाणी भरून, जाणत्याकडूनच करवावी, हवा भरून नव्हे. पाणी फारसे आकुंचन पावत नाही, म्हणून भांडे फुटले तरी हवेसारखा स्फोट होत नाही. त्या परीक्षेत ते टिकले, तर नळ्या न गंजणाऱ्या पोलादाच्या घालाव्यात. न टिकले, तर चाक आणि पिंजरा शोभेला ठेवून भांडे खुशाल मोडीत द्यावे. या खर्चात पडण्यापूर्वी घरात धडक्या बाटल्या किती उरल्या आहेत, तेवढे मोजून घ्यावे.