वडीलधाऱ्यांच्या सभा

धर्मसंस्था म्हटली कीं एक पीठ, त्या पीठावर एक अधिपति आणि त्याच्या आज्ञेंत वागणारा अनुयायीवर्ग, असें चित्र सामान्यतः डोळ्यांपुढें उभें राहतें. परंतु चारशें वर्षांहून अधिक काळ स्कॉटलंडांत एक अशी धर्मसंस्था नांदत आली आहे कीं जिच्यांत पोप नाहीं, बिशप नाहीं आणि देशाच्या राजालाही अध्यक्षपद नाहीं. तिचा सारा कारभार सभांच्या द्वारें चालतो. या पद्धतीस प्रेस्बिटेरियन म्हणतात. मूळ ग्रीक शब्दाचा अर्थ ‘वडील’ असा आहे, आणि मराठी ख्रिस्ती मंडळ्यांतही हाच शब्द रूढ झालेला आहे.

या व्यवस्थेची पहिली पायरी म्हणजे प्रत्येक मंडळीची ‘सेशन’ नांवाची सभा. तींत पाळक आणि निवडलेले वडील बसतात. हे वडील वयानें वृद्ध असलेच पाहिजेत असें नाहीं. कोणी शेतकरी असेल, कोणी शिक्षक, कोणी दुकानदार. गांवच्या पंचाइतीची येथें आठवण व्हावी. मात्र हें पद वंशपरंपरेनें मिळत नाहीं, योग्यता पाहून व धर्मविधीनें दिलें जातें. दुसरी पायरी ‘प्रेस्बिटरी’. एका टापूंतील अनेक मंडळ्यांचे पाळक आणि वडील तींत बरोबरीच्या नात्यानें एकत्र येतात. पाळकाला दीक्षा देणें, त्याच्या वर्तनाची चौकशी करणें, हें काम या सभेचें. म्हणजे बिशपाचे अधिकार येथें एका माणसाकडे नसून सभेकडे आहेत. सर्वांत वर ‘जनरल असेंब्ली’ अथवा महासभा. ती दरवर्षीं मे महिन्यांत एडिंबरो येथें भरते. तिचा अध्यक्ष, म्हणजे मॉडरेटर, एका वर्षापुरताच असतो. वर्ष सरलें कीं तो पुन्हा इतरांसारखा एक होतो.

महासभाही मन मानेल तसें करूं शकत नाहीं. १६९७ सालच्या ‘बॅरिअर ॲक्ट’ नांवाच्या नियमानुसार कायमचा महत्त्वाचा कायदा करावयाचा झाल्यास त्याचा मसुदा सर्व प्रेस्बिटऱ्यांकडे जातो, आणि त्यांपैकीं बहुसंख्यांनीं मान्यता दिल्यावांचून तो पक्का होत नाहीं. उत्साहाच्या भरांत घेतलेल्या निर्णयास घातलेला हा बांध आहे.

ही रचना सुखासुखीं उभी राहिली नाहीं. १५६० सालीं जॉन नॉक्सच्या काळांत स्कॉटलंडनें पोपची सत्ता झुगारली आणि त्याच वर्षीं पहिली महासभा भरली. पुढें १५९६ मध्यें अँड्र्यू मेल्व्हिल या पंडितानें सहाव्या जेम्स राजाला तोंडावर बजाविलें कीं, स्कॉटलंडांत राज्यें दोन आहेत, आणि त्यांपैकीं ख्रिस्ताच्या राज्यांत जेम्स हा राजा नव्हे, एक साधा सभासद आहे. राजाला हें रुचणें शक्य नव्हतें. बिशप गेले तर राजपदही जाईल, अशी त्याची खात्री होती. राजांनीं बिशप नेमावे आणि सभांनीं ते काढावे, असा झगडा जवळजवळ एक शतक चालला. शेवटीं १६९० सालीं सभापद्धतीच कायम झाली.

परंतु खरी कसोटी पुढेंच होती. १७१२ मध्यें लंडनच्या पार्लमेंटनें एक कायदा करून पाळक नेमण्याचा हक्क जमीनदारांना व इतर आश्रयदात्यांना परत दिला. ज्या मंडळीनें ज्याचा उपदेश ऐकावयाचा, त्याच्या निवडीस तिनें मुकावें, ही गोष्ट अनेकांच्या मनांत सलत राहिली. १८३४ सालीं महासभेनें ठरविलें कीं, मंडळींतील बहुसंख्य कुटुंबप्रमुखांनीं नकार दिल्यास जमीनदाराचा उमेदवार नेमूं नये. त्याच वर्षीं ऑक्टरार्डर गांवीं प्रसंग ओढवला. जमीनदारानें पाठविलेल्या उमेदवाराच्या बाजूनें गांवांतील अवघ्या दोघांनीं सही केली. प्रेस्बिटरीनें त्याला नाकारलें; तो न्यायालयांत गेला. १८३८ मध्यें स्कॉटलंडच्या वरिष्ठ न्यायालयानें आणि १८३९ मध्यें हाउस ऑफ लॉर्ड्सनें निकाल दिला कीं, महासभेला असा नियम करण्याचा अधिकारच नाहीं.

आतां प्रश्न एका गांवापुरता उरला नाहीं. धर्मसभेच्या अंतर्गत कारभारांत शेवटचा शब्द कोणाचा, सभेचा कीं सरकारी न्यायालयाचा? १८ मे १८४३ रोजीं एडिंबरोच्या सेंट अँड्र्यूज देवळांत महासभा भरली. मावळते मॉडरेटर डेव्हिड वेल्श यांनीं निषेधपत्र वाचलें, तें मेजावर ठेविलें, राजप्रतिनिधीस वंदन केलें आणि ते बाहेर पडले. त्यांच्या मागोमाग शेंकडों पाळक व वडील रस्त्यानें चालत टॅनफील्डच्या सभागृहांत गेले व तेथें थॉमस चामर्स यांच्या अध्यक्षतेखालीं ‘फ्री चर्च’ची स्थापना झाली. सुमारें १२०० पाळकांपैकीं ४७४ जणांनीं अखेर जुनी संस्था सोडली. सोडली म्हणजे वेतन सोडलें, राहतें घर सोडलें, आणि बायकामुलांसह उघड्यावर येण्याची तयारी ठेविली. कांहीं जमीनदारांनीं नव्या देवळांस जागा नाकारली. स्ट्राँशियन येथील मंडळीनें तर १८४६ मध्यें पाण्यावर तरंगणारें लोखंडी देऊळ करून उपासना चालविली.

या घटनेचा धक्का मुंबईपर्यंत पोंचला. १८३२ सालीं जॉन विल्सन यांनीं मुंबईंत शाळा काढली होती. आजचें विल्सन कॉलेज तिचाच विस्तार. विल्सन व त्यांचे मुंबईंतील स्कॉटिश सहकारी फ्री चर्चच्या बाजूस गेले, आणि संस्थेची इमारत मागें ठेवून त्यांना काम नव्यानें उभारावें लागलें. पुढें १८७० सालीं याच विल्सनांना फ्री चर्चनें आपल्या महासभेचे मॉडरेटर निवडलें.

१८७४ मध्यें जमीनदारांचा तो हक्क पार्लमेंटनेंच रद्द केला. १९२१ च्या कायद्यानें धार्मिक बाबतींत चर्चचें स्वातंत्र्य मान्य झालें आणि १९२९ मध्यें दुभंगलेल्या संस्थेचा बराच मोठा भाग पुन्हा एक झाला. आजही महासभेंत राजाचा प्रतिनिधि सन्मानानें येतो. पण त्याचें आसन सभेच्या मजल्यावर नसून वरच्या सज्ज्यांत असतें, आणि त्याला मत नसतें.

या पद्धतीचे दोषही उघड आहेत. ती मंद आहे, आणि वाद मिटला नाहीं तर फूट पाडून घेण्याची तिला खोड आहे. स्त्रियांना वडील होण्यास १९६६ साल उजाडावें लागलें, आणि पाळक होण्यास १९६८. पण तो बदलही सभांच्याच मार्गानें झाला. २००४ मध्यें ॲलिसन एलियट या महासभेच्या पहिल्या स्त्री मॉडरेटर झाल्या, आणि त्या पाळक नसून एक ‘वडील’ होत्या.

भारतांत या परंपरेनें वेगळें वळण घेतलें. १९७० सालीं नागपुरांत ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झालें, तेव्हां प्रेस्बिटेरियन वारसा सांगणाऱ्या मंडळ्याही तींत सामील झाल्या. त्यांनीं बिशपाचें पद पत्करलें. मात्र त्या पदाच्या भोंवतीं पाळकांच्या व सामान्य सभासदांच्या सभा राहिल्या. पदाचें नांव कोणतेंही असो, त्यावरील माणसाला सभेपुढें उत्तर द्यावें लागतें कीं नाहीं, हाच स्कॉटलंडच्या वडीलधाऱ्यांचा मूळ प्रश्न होता. त्याचें उत्तर त्यांनीं नियमांत लिहून ठेविलें, आणि वेळ आली तेव्हां घरदार सोडून पाळलें.