शिरपेच दुसऱ्याच्या हातून



जव्हारजवळच्या या शिरपामाळाचे नाव कसे पडले, हे येथील शाळकरी मुलालाही ठाऊक असते. १६६४च्या जानेवारीत छत्रपती शिवाजी महाराजांनी सुरतेवर स्वारी केली. तिकडे जाताना महाराज या माळावर थांबले, जव्हारचे राजे विक्रमशहा त्यांच्या भेटीस आले आणि त्यांनी महाराजांना मानाचा शिरपेच अर्पण केला, अशी या भागातील परंपरा आहे. महाराजांचे कर्तृत्व तोवर सर्वत्र गाजलेले होते. १६५९मध्ये अफझलखानाचे पारिपत्य झाले होते, १६६३मध्ये लाल महालात शायिस्ताखानाची बोटे तुटली होती. म्हणजे शिरपेचाच्या आधी काम उभे होते, आणि शिरपेच देणाऱ्या हातालाही राजाची प्रतिष्ठा होती. आजचा विषय ऐकताना या दोन गोष्टी ध्यानी ठेवाव्यात.

विषय आहे लिंक्डइन या संकेतस्थळावरील व्यावसायिक परिचयाचा. २००३ साली अमेरिकेत सुरू झालेले आणि २०१६ साली मायक्रोसॉफ्टने २६ अब्ज डॉलरहून अधिक किंमत मोजून घेतलेले हे संकेतस्थळ म्हणजे नोकरीच्या बाजारातील एक मोठा चव्हाटाच होय. उमेदवार तेथे आपले शिक्षण आणि काम मांडतो. माणसे शोधणारे तेथे शोधत फिरतात. हे शहरातील संगणक अभियंत्यांचे काम, आपल्याला त्याचे काय, असे पुष्कळांना वाटते. वस्तुतः त्याची खरी गरज आहे ती ज्याच्या पाठीशी कोणी नाही त्याला. ठाण्या-डोंबिवलीच्या मुलासाठी मामा असतो, वडिलांचे कार्यालयातील स्नेही असतात. ‘आमच्या चिरंजीवांचे जरा पाहा’ एवढा एक दूरध्वनी पुरतो. मोखाड्याच्या एखाद्या पाड्यावरून घरातला पहिला पदवीधर म्हणून जो बाहेर पडतो, त्याच्यासाठी असा दूरध्वनी कोण करणार? भातकापणी उरकली की त्याचे आईवडील भिवंडीकडे वीटभट्टीच्या कामाला गेलेले असतात. त्याचा परिचय त्याच्या आधी पोहोचायचा, तर तो लिहूनच पोहोचला पाहिजे.

आणि नेमके लिहिण्यातच सारे बिघडते. आपल्याकडे परिचयपत्र म्हटले की विवाहमंडळातील पत्रिका डोळ्यांपुढे येते. वडिलांचे पूर्ण नाव, जन्मतारीख, उंची, आवडीनिवडी! (रास आणि नाडी तेवढी कशी राहते, याचेच आश्चर्य वाटते.) यातील काहीही त्या परिचयात नको. दुसरी खोड विशेषणांची. ‘कष्टाळू, प्रामाणिक, ध्येयनिष्ठ’ हे शब्द इतक्या जणांनी लिहिलेले असतात की वाचणाऱ्याची नजर त्यांवर ठरतच नाही. त्याऐवजी एखाद्या कृषी पदवीधराने ‘दोन खरीप हंगामांत सहा पाड्यांवर भात आणि नाचणीच्या पिकांच्या नोंदी ठेवल्या, शेतकऱ्यांच्या बैठका घेतल्या’ असे लिहिले, तर त्याचा कष्टाळूपणा वेगळा सांगावा लागत नाही. आकडा खरा असावा, मग तो लहान का असेना.

नावाखालची ओळ सर्वांत महत्त्वाची. शोधणारा तीच प्रथम वाचतो. तेथे जेमतेम २२० अक्षरे मावतात आणि पुष्कळ जण ती ‘नोकरीच्या शोधात’ या शब्दांवर खर्ची घालतात. आपण कोणते काम करू शकतो, हे तेथे यावे: विजेची दुरुस्ती, लेखापालन, रुग्णालयातील प्रयोगशाळेचे काम. संकेतस्थळाचा शोध शब्दांवर चालतो. तारापूरच्या औद्योगिक वसाहतीतील कारखाना ‘इलेक्ट्रिशियन’ शोधत असेल, तर तो शब्द इंग्रजी लिपीत परिचयात असलाच पाहिजे. शिक्षणात किंवा कामात एखादे वर्ष रिकामे गेले असल्यास ते लपवू नये. त्या वर्षी घरची शेती सांभाळली असेल तर तसे लिहावे; ते कामच आहे. छायाचित्र साध्या भिंतीसमोर, दिवसाच्या उजेडात काढलेले पुरते. लग्नातील गर्दीतून कापून काढलेला चेहरा, शेजाऱ्याचा अर्धा खांदा शिल्लक ठेवून, लावू नये.

आता शिरपेचाकडे वळू. या संकेतस्थळावर दुसऱ्याने आपल्याविषयी बोलण्याच्या दोन सोयी आहेत. एकीत परिचितांनी एक कळ दाबली की आपल्या कौशल्याला दुजोरा मिळतो. तो फुकटचा असतो, आणि फुकटच्या गोष्टीला जेवढे वजन असते तेवढेच त्याला असते. दुसरी सोय लेखी शिफारशीची. ज्याने काम प्रत्यक्ष पाहिले, तो स्वतःच्या नावानिशी चार ओळी लिहितो आणि त्याचा स्वतःचा परिचयही वाचणाऱ्यास तेथेच पाहता येतो. विक्रमशहांच्या शिरपेचाशी नाते आहे ते या दुसरीचे.

याचे एक उदाहरण शेजारच्या डहाणू तालुक्यातच आहे. लग्नघरी भिंतीवर तांदळाच्या पिठाने चौक लिहिण्याचे काम वारली समाजात सुवासिनींचे. त्यावर नाव कोणाचेच नसे. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांनी ही कला नित्याची साधना केली. १९७०च्या दशकात भास्कर कुलकर्णी यांनी त्यांचे काम पाहिले आणि ते बाहेरच्या जगापुढे नेले. पुढे २०११ साली मशे यांना पद्मश्री मिळाली. २०१८मध्ये ते निवर्तले. चित्रे मशे यांचीच होती, कुलकर्णींनी त्यांत एक रेषही घातली नाही. त्यांनी पाहिले, आणि पाहिले ते योग्य ठिकाणी सांगितले.

म्हणून आज या माळावर आलेल्या ज्येष्ठांकडे, विशेषतः बँकांत, कारखान्यांत, शाळांत आयुष्य घालवलेल्यांकडे एक मागणे आहे. आपल्या हाताखाली शिकाऊ म्हणून आलेल्या, आपल्या प्रकल्पावर राबलेल्या किती मुलांविषयी आपण असे चार शब्द लिहिले? कोठे, किती काळ, कोणते काम, ते कसे केले, एवढे लिहिले की झाले. जे पाहिले नाही ते मात्र लिहू नये. खोट्या शिफारशीने त्या मुलाला नोकरी लागेलही, पण त्याच गावच्या पुढच्या मुलाचे खरे शब्द मग कोणी मानणार नाही.

मुलांसाठी दोन व्यवहाराच्या गोष्टी. या मार्गाने आलेल्या एखाद्या निरोपात नोकरीसाठी आधी पैसे मागितले, तर तेथेच थांबावे. प्रामाणिक मालक पगार देतो, प्रवेशशुल्क घेत नाही. आधार क्रमांक किंवा बँकेचे तपशील परिचयात कदापि घालू नयेत. आणि शिफारस मागण्याचा संकोच धरू नये. काम संपल्यावर महिन्याभरातच मागावी. त्यानंतर साहेबांची बदली होते, आणि नव्या साहेबांनी तुमचे काम पाहिलेले नसते.