पुन्हा शिकताना

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या दुखण्याविषयी चारचौघींत बोलण्याची आपल्याकडे फारशी रीत नाही. परंतु कार्यकारिणीने आग्रह केला, आणि माझ्याही मनात आले की, असे दुखणे ज्या घरात येईल त्या घराला माझ्या अनुभवाचा थोडा उपयोग झाला तर बरेच. म्हणून उभी राहिले आहे.

२०१६ साली, वयाच्या ३४ व्या वर्षी, सकाळी उठताच डोके दुखू लागले व उलट्या होऊ लागल्या. पित्त समजून घरगुती औषधे झाली. पुढे चालताना तोल जाऊ लागला, तेव्हा तपासणीत डोक्याच्या मागील बाजूस, लहान मेंदूत, गाठ निघाली. तिचे नाव मेड्युलोब्लास्टोमा. हा कर्करोग बहुधा लहान मुलांत आढळतो. मोठ्या माणसांच्या मेंदूतील गाठींत त्याचे प्रमाण शेकडा एकदेखील नाही.

बेली व कुशिंग या अमेरिकन डॉक्टरांनी १९२५ साली या गाठीचे वर्णन केले, तेव्हा यातून रोगी क्वचितच वाचे. हिच्या पेशी मेंदूभोवतीच्या पाण्यातून पाठीच्या कण्यापर्यंत पसरू शकतात. म्हणून सबंध मेंदूला व कण्याला किरण द्यावयाचे, या उपचाराचा गुण मँचेस्टरच्या डॉ. ईडिथ पॅटरसन यांनी १९५३ साली आपल्या सहकाऱ्यासह मांडला. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवडे मीही तेच किरण घेतले. एका स्त्रीच्या अभ्यासाचे हे ऋण आहे, ते आज येथे बोलून दाखविते.

गाठ गेली. पण शरीराचा तोल आणि हातापायांचा मेळ राखणारा तो लहान मेंदू! वाटी घ्यावयास जावे तर हात वाटीच्या पलीकडे जाई. शब्द तुटक तुटक येत. ज्या घरात मी पहाटेपासून राबत होते, त्या घरात आता मला पाणीही दुसऱ्याने पाजावे लागे. जीव वाचल्याचा आनंद सर्वांना होता. मला मात्र रात्री वाटे, की या घरात माझे काय काम उरले?

मग व्यायाम सुरू झाले. स्वित्झर्लंडमधील डॉ. फ्रेंकेल यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस बसविलेली ही पद्धत. तिच्यात जोर लावावयाचा नसतो. पाय कोठे जातो ते डोळ्यांनी पाहावयाचे, तोंडाने आकडे मोजावयाचे, आणि तीच हालचाल सावकाश पुन्हा पुन्हा करावयाची. आधी निजून, मग बसून, मग उभे राहून. हातांसाठी तांदूळ निवडणे, वाती वळणे, ब्लाउजचे हूक लावणे. त्याच वर्षी धाकटा मुलगा पहिलीत होता. दोघे एकाच दिव्याखाली दुरेघी वही घेऊन बसत असू. त्याचे अक्षर माझ्याआधी सुधारले!

सर्वांत कठीण परीक्षा झाली ती सासूबाईंची. "तू बस गं, आम्ही आहोत ना," असे त्या मायेने म्हणत. व्यायाम शिकविणाऱ्या बाईंनी त्यांना समजावले, "आजी, तिला जे अर्ध्या तासात जमते, ते तुम्ही दोन मिनिटांत करून टाकू नका." त्या दिवसापासून मी कणीक मळू लागले की सासूबाई पाटावर हात आवरून बसत. डोळ्यांत पाणी येई, पण हात पुढे करीत नसत. आठ महिन्यांनी पहिली पोळी पुरी लाटली. तिचा आकार नकाशासारखा होता. त्यांनी ती स्वतःच्या पानात वाढून घेतली.

आजही अंधारात चालताना भिंतीचा आधार लागतो, दुपारी थकवा येतो, तपासणीच्या दिवशी छाती धडधडते. पण मंडळाचे हजेरीपुस्तक मी लिहिते, आणि ते वाचता येते असे चिटणीसबाई म्हणतात.

भगिनींनो, दोनच विनंत्या. रोग्याला रुग्णालयातून घरी आणताना पुढच्या व्यायामाची चौकशी आवर्जून करा. मोठ्या रुग्णालयांत तो विभाग असतो. मुंबईस हाजीअलीला तर १९५५ साली स्थापन झालेली पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्थाच आहे. आणि दुसरे, तिच्या हातातले काम काढून घेऊ नका. जवळ बसा, पडू देऊ नका, पण तिला वेळ द्या.

माझे बोलणे अजून सावकाश चालते.