ब्रेक वाजतो तेव्हा

मैत्रिणींनो, आपल्या गटातली एक जण शाळेच्या मुलांची व्हॅन चालवते. ब्रेक दाबला की करकर आवाज येतो, तरी दोन महिने ती गॅरेजात गेली नाही. "किती सांगतील कोण जाणे!" नवऱ्याची मोटारसायकल मात्र त्याच काळात दुरुस्त झाली, तीही व्हॅनच्या कमाईतून. खर्चाची भीती खोटी नाही. बाईला गाडीतलं काय कळतं, असं धरूनच बरेचदा आकडा सांगतात. पण ब्रेकपॅड झिजून धातूवर धातू घासला की डिस्कही बदलावी लागते, शिवाय गाडीत मुलं असतात. तेव्हा दोघीतिघी मिळून जा. खर्चाचा अंदाज आधी लिहून मागा, काढलेले जुने भाग परत मागा. बिल घ्याच, ते न देणं ही २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यानुसार अनुचित व्यापारी प्रथा आहे.