माशाचं तेल कुत्र्यामांजराला देताना

म्हातारं कुत्रं जिना चढताना अडखळू लागलं, की घरातलं कुणीतरी स्वतःच्या डबीतली माशाच्या तेलाची कॅप्सूल त्याच्या दहीभातात फोडतं. हेतू चांगलाच असतो. या तेलातली ईपीए आणि डीएचए ही ओमेगा-३ मेदाम्लं सांध्यांची सूज उतरवायला मदत करतात. मांजराचं तर जवसाच्या तेलावर भागतच नाही, कारण त्यातल्या मेदाम्लापासून ईपीए-डीएचए बनवणं त्याच्या शरीराला फारसं जमत नाही.

खरी मेख आहे ती प्रमाणात.

अमेरिकेच्या नॅशनल रिसर्च कौन्सिलने २००६ साली कुत्र्यांसाठी कमाल सुरक्षित मर्यादा सांगितली. त्या हिशेबाने १० किलोच्या कुत्र्याला दिवसाला ईपीए आणि डीएचए मिळून सुमारे २,००० मिलिग्रॅम चालतात. २० किलोच्याला मात्र दुप्पट नाही, साधारण ३,५००च. शिवाय यात खाण्यातून जाणारंही आलं. बाटलीवरचा ‘१,००० मिलिग्रॅम’ हा आकडा निव्वळ तेलाचा असतो. साध्या कॅप्सूलमध्ये ईपीए बहुधा १८० आणि डीएचए १२० मिलिग्रॅमच निघतं. लेबलाची मागची बाजू वाचायचा कंटाळा इथे नडतो.

जास्त झालं की आधी पोट बिघडतं, जुलाब लागतात. रक्तातल्या बिंबिकांची (प्लेटलेट्सची) चिकटण्याची क्षमताही मंदावू शकते. बँग आणि डायरबर्ग या डॅनिश संशोधकांना १९७०च्या दशकात ग्रीनलंडच्या मासेखाऊ इनुइट लोकांमध्ये रक्त थांबायला जास्त वेळ लागत असल्याचं दिसलं होतं. म्हणून कुत्र्याचं ऑपरेशन ठरलं, की हे तेल चालू असल्याचं डॉक्टरांना आधीच सांगावं.

मांजरांचा दुखरा अनुभव आणखी जुना आहे. केवळ डबाबंद लाल ट्यूनावर पोसलेल्या मांजरांची चरबी पिवळी पडून सुजत असे, नुसता हात लावला तरी ती कळवळत. माशाचं तेल भरपूर आणि त्याला सांभाळणारं ई जीवनसत्त्व अपुरं, हे त्यामागचं कारण. तेल खवट झालेलं असेल तर हा धोका वाढतो. बाटली फ्रीजमध्ये ठेवावी आणि वास बदलला तर सरळ टाकून द्यावी. महाग होती म्हणून संपवू नये.

कॉड लिव्हर ऑइल हे निराळं प्रकरण. त्यात ए आणि डी जीवनसत्त्वं ठासून भरलेली असतात. ए जीवनसत्त्वाचा महिनोन्‌महिने अतिरेक झाला, तर मांजराच्या मानेचे मणके एकमेकांना जुळून मान ताठ होते. आणि मुलांसाठीच्या गोड, चघळायच्या ओमेगा-३ गोळ्यांत झायलिटॉल हा साखरेऐवजी वापरला जाणारा पदार्थ असेल, तर त्या कुत्र्याच्या तोंडाजवळही नेऊ नयेत: त्याने कुत्र्याची रक्तशर्करा तासाभरातही झपकन खाली येते.