डोळे कालचंच शोधतात

 

लपलेला माणूस कशामुळे दिसतो, हे सैन्यात आम्हाला सुरुवातीलाच शिकवतात: आकार, सावली, चकाकी आणि सगळ्यात जास्त हालचाल. तोंडाला काजळी फासा, हेल्मेटवर फांद्या खोचा. मान वळवली की संपलं. जंगलातही तेच. झाडाच्या सालीशी रंग जुळलेला पतंग दिवसभर जागचा हलत नाही, तो म्हणूनच.

मग न हलणारा पतंग पक्ष्याला सापडतो कसा?

हॉलंडच्या पाइनच्या जंगलात लूक टिनबर्गन हे शास्त्रज्ञ ग्रेट टिट हा चिमुकला पक्षी पिल्लांना काय भरवतो, याच्या नोंदी ठेवत होते. एखादी अळी झाडांवर नव्यानं आली की पक्षी सुरुवातीला तिच्याकडे जवळजवळ दुर्लक्ष करत. तिची संख्या वाढली की मात्र एकदम तीच अळी घरट्यात भराभर येऊ लागे. १९६० साली त्यांचं म्हणणं प्रसिद्ध झालं: पक्ष्याच्या मनात त्या अळीचं चित्र बसतं आणि तो ते चित्र शोधत फिरतो. याला ‘सर्च इमेज’ म्हणतात. आपण शोधचित्र म्हणू.

१९७९ मध्ये अमेरिकेत पिट्रेविच आणि कामिल यांनी हे तपासलं. ब्लू जे हा कावळ्याच्या कुळातला पक्षी. त्याला खोडांचे फोटो दाखवले. काहींत पतंग, काही रिकामे. पतंग ओळखून चोच मारली की खाऊ. एकाच जातीचे पतंग लागोपाठ दाखवले तेव्हा पक्षी हुशार होत गेला. दोन जाती मिसळून दाखवल्या, तेव्हा ती सुधारणा झालीच नाही.

म्हणजे शिकाऱ्याची नजर तयार होते ती एका चित्रापुरती. जो पतंग इतरांपेक्षा वेगळा दिसतो, तो वाचतो.

हा प्रयोग मी निवृत्तीनंतर वाचला आणि पुस्तक मिटून बसून राहिलो.

ईशान्येत मी कॅप्टन होतो. रोज सकाळी ताफा निघायच्या आधी रस्ता तपासायचं काम माझ्या तुकडीकडे. दोन आठवड्यांत तीन सुरुंग सापडले, तिन्ही तारेनं जोडलेले. आमचे जवान गवतातली तार लांबून हेरू लागले. मला अभिमान वाटायचा. चौथ्याला तार नव्हती. तो पाय पडताच फुटणारा होता. माती ताजी उकरलेली होती. नंतर ती आम्हा सगळ्यांना दिसली. तोपर्यंत माझ्या हवालदाराचा डावा पाय गेला होता.

कोणी झोपलेलं नव्हतं. उलट सगळे डोळ्यांत तेल घालून शोधत होते, पण तार शोधत होते. आणि तार शोधा असं रोज सांगणारा मीच होतो.

त्यानंतर मी दोन गोष्टी बदलल्या. सगळ्यात पुढे चालणारा माणूस रोज बदलायचा. आणि निघण्यापूर्वी प्रत्येकाला विचारायचो, “आजवर न सापडलेलं असं आज काय असू शकतं?” उत्तरं कधी कधी हास्यास्पद असत. तरी विचारायचो.

ब्लू जेला हा प्रश्न स्वतःला विचारता येत नाही. आपल्याला येतो.

जयहिंद.